दत्ताकाकांनी परत फिरवलेली बोट

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मच्छीमारांसाठीचा दुपारचा इशारा लिहीत होते. हवामानाच्या कचेरीत माझं तेच काम आहे. फोन काकींचाच होता. "हे गेले गो," एवढंच म्हणाल्या. "निघतेच," म्हणून मी फोन ठेवला, वाऱ्याचे आकडे पुन्हा तपासले, इशारा पाठवला आणि मगच परळच्या इस्पितळाकडे निघाले. सहकाऱ्यांना ते विचित्र वाटलं. काकांना वाटलं नसतं...

लालबागच्या चाळीत आमच्या शेजारची खोली त्यांची. मूळचे मालवणचे. गिरणी बंद पडल्यावर कुलाब्याला एका डॉक्टरांची शिडाची छोटी बोट सांभाळायचं काम त्यांनी धरलं. डॉक्टर थकले तेव्हा बोट काकांच्याच हवाली करून गेले. जेमतेम चोवीस फुटांची, आत दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी जागा. मी विज्ञान शाखेत गेले आणि काकांनी मला शीड धरायला शिकवलं. वाऱ्याचा वेग मी यंत्रावर मोजायची, ते गालावर घ्यायचे. "तुझ्या यंत्राक गाल आसा काय?" असं चिडवायचे, पण माझा आकडा दरवेळी विचारून घ्यायचे, आणि तो त्यांच्या अंदाजाशी जुळला की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा.

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही मुरूडला गेलो होतो. परतीच्या दिवशी चार वाजता दादरला माझी मुलाखत होती. जिच्यासाठी दोन वर्षं अभ्यास केला होता, त्या संशोधनाच्या जागेची. पहाटे निघून दोनपर्यंत मुंबई गाठायची, असा माझा हिशेब. अकराच्या सुमारास रेवदंड्याजवळ काकांनी पूर्वेकडे पाहिलं. डोंगरावर एक ढग उभा राहत होता.

"तो ढग माका बरो दिसत नाय. आत शिरूया."

मी मोबाइल पुढे केला. आकाश निरभ्र, वारा मंद. त्यांनी तो नीट वाचला, मान डोलावली आणि सुकाणू खाडीकडे वळवलं. नांगर टाकला तेव्हा ओहोटी लागली होती; किनाऱ्यापर्यंत नुसता चिखल. उतरून एसटी धरण्याचीही सोय उरली नाही. काकांनी भाकरी आणि भाजलेले बोंबील पुढे केले. मी तोंड फिरवलं. दुपारभर आम्ही त्या ढगाकडे पाहत बसलो. चार वाजले, पाच वाजले. ढग विरला. थेंबभरही पाऊस पडला नाही.

"तुमच्या भीतीपायी माझं वर्ष गेलं," मी म्हणाले. ते उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधू लागले.

त्यानंतर सात महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. एकाच गॅलरीत राहून हे सोपं नसतं. माझ्या पावलांची चाहूल लागली की ते आपलं दार हलकेच लोटून घेत. मला मान वळवावी लागू नये म्हणून, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मग बोलणं सुरू झालं, ते मात्र जुजबीच.

पुढे मी या नोकरीत लागले. गेल्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या निर्णयावर होड्या दोन दिवस बंदरात थांबल्या, आणि समुद्र तळ्यासारखा राहिला. एका होडीच्या तांडेलाने फोन करून विचारलं, "मॅडम, वादळ कुठे अडकलं? ट्रॅफिकमध्ये?" त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट काकांच्या दारात उभी राहिले. ते तेव्हाच थकत चालले होते. सगळं ऐकून मनसोक्त हसले आणि म्हणाले, "ट्रॅफिक ह्या बरां हा."

मी विचारलं, "काका, रेवदंड्याला तुम्हाला खात्री होती?"

"खात्री खंयची? अर्धी शंका होती. एकटा असतो तर पुढे गेलो असतो. तू होतीस ना बोटीत."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर स्वतःवर चिडली असतीस. माझ्यावर चिडलीस ता बरां."

मला माफी मागायची होती. पण त्यांनी काकींना हाक मारून चहा टाकायला सांगितलं, आणि आजच्या वाऱ्याचा आकडा विचारला...

आपल्या अस्थी खांदेरी बेटाच्या पुढे, खुल्या दर्यात सोडाव्यात, ही त्यांची इच्छा. गेल्या रविवारी काकींना घेऊन मी बोट काढली. इतक्या वर्षांत काकी तिच्यावर पहिल्यांदाच चढल्या. कलश मांडीवर घट्ट धरून ताठ बसल्या होत्या. बंदर मागे पडलं आणि डोंगराच्या बाजूला एक काळसर ढग दिसू लागला. आमच्या कचेरीच्या गणितात त्या दिवशी पाऊस नव्हता. ते मी सकाळी दोनदा पाहिलं होतं.

"पाऊस येतलो?" काकींनी विचारलं.

"सांगता येत नाही, काकी. कदाचित येणारही नाही."

त्यांनी ढगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कलशावर पदर ओढला आणि म्हणाल्या, "मग फिरव."

आम्ही लालबागला पोचलो तेव्हा गॅलरीत लख्ख ऊन होतं. संध्याकाळपर्यंत ते तसंच राहिलं. "चुकलीच माझी शंका," मी म्हणाले. काकींनी फळीवर काकांच्या चष्म्याशेजारी जागा केली, कलश ठेवला, त्याचं फडकं सारखं केलं.

"चुकूंदे," त्या म्हणाल्या. "हे आणखी चार दिवस घरात रवतले."