वळणावरच्या खुंट्या

सकाळी सात वाजता मी पेणच्या मैदानावर गुडघे टेकून बसलो होतो आणि चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर सुतळी अंथरत पुढे सरकत होतो. पिचवर रोलर फिरवणाऱ्या क्रिकेटवाल्यांपैकी एकानं विचारलं, "काका, काय हरवलंय?"

"हरवलं नाही. जास्त सापडलंय."

"किती?"

"साडेपाच मीटर."

तो हसून रोलरकडे वळला. मला मात्र थंडीत घाम फुटला होता.

मी ठोसर. जमीन मोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं भूकरमापक होतो, म्हणजे लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून देणारा माणूस. या नोकरीत एक गोष्ट हमखास मिळते, ती म्हणजे हरकत. मोजणी संपली की ज्याची जमीन कमी भरली तो म्हणतो, साहेबानं शेजाऱ्याचा चहा घेतला. ज्याची बरोबर भरली तो म्हणतो, अजून निघायला हवी होती. माझ्या मोजणीवर विश्वास आहे असं पस्तीस वर्षांत एकाही माणसानं लिहून दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ मिळाला आणि त्याच दिवशीच्या टपालात दोन हरकती.

म्हणून पेण-रोहा मैदानी स्पर्धांची ट्रॅक आखणी माझ्याकडे आली तेव्हा मी खूश झालो. या स्पर्धा एक वर्ष पेणला, एक वर्ष रोह्याला होतात. सगळं काम स्वयंसेवक करतात. समितीत पन्नासेक नावं आणि मैदानावर सहा माणसं, हे प्रमाण दोन्ही गावांत सारखंच आहे. आमचे अध्यक्ष बाळाशेठ मंडपाचा धंदा करतात. त्यामुळे यंदा आधी स्टेज उभं राहिलं आणि ट्रॅक कुठे बसवायचा हा विचार नंतर झाला. पाहुण्यांना चारी बाजूंनी खेळ दिसावेत म्हणून स्टेज मैदानाच्या आत घेतलं होतं. सोफे मात्र सगळे एकाच दिशेला तोंड करून होते. अर्ध्या शर्यती पाहुण्यांच्या पाठीमागून जाणार हे शेठना मी सांगितलं, तर ते म्हणाले, "पाठीमागून टाळ्या वाजवतील."

दोनशे मीटरचा ट्रॅक म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना दोन अर्धगोल. अर्धगोल आखायची सोपी रीत आहे. मध्यभागी खुंटी ठोकायची, दोरी बांधायची आणि दोरी ताणून फिरत जायचं. शाळेतला शिपाईसुद्धा आखतो. पण एका टोकाचा मध्य आला बरोबर स्टेजवर, मधल्या सोफ्याखाली. दुसऱ्याचा आला क्रिकेटच्या पिचवर.

"शेठ, स्टेज दहा फूट सरकवता येईल का?"

"पाहुण्यांच्या तोंडावर ऊन येईल."

मग पिचवाल्यांकडे गेलो. "चार इंची खुंटी आहे रे."

"काका, खुंटी नाय, खिळा पण नाय. मंगळवारपासून टूर्नामेंट हाय आमची."

तेव्हा मी माझ्या धंद्याच्या रीतीनं आखणी केली. आम्ही पूर्वी लोखंडी साखळीनं मोजायचो, वीस मीटरची एक साखळी. आता यंत्रं आली, पण माझा हात अजून वीस मीटरनंच विचार करतो. प्रत्येक वळणाला साठ मीटर हवे होते. मी कोन धरून तीन साखळ्या टाकल्या आणि दर वीस मीटरवर एक खुंटी मारली. दोन्ही वळणांचे एकशेवीस, सरळ बाजूंचे चाळीस-चाळीस, झाले दोनशे. खुंट्या मी मारल्या आणि त्यांच्यामधून फक्की स्वयंसेवकांनी टाकली. खुंटी ते खुंटी सरळ रेघ न मारता त्यांनी छान गोलाई दिली. मी स्वतः त्यांची पाठ थोपटली.

कोणी हरकत घेतली नाही. रोहेकरांनीसुद्धा नाही, आणि रोहेकर पेणच्या चहालाही हरकत घेतात. त्या दिवशी मी छाती काढून फिरत होतो.

रविवारी स्पर्धा झाल्या. मुलींच्या आठशे मीटरमध्ये, म्हणजे चार फेऱ्यांमध्ये, पेणची प्राची पाटील पहिली आली. लोकांनी तिला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तिची आई कुंदाताई गर्दीतून पुढे आली. पेणमध्ये तिचा गणपतीच्या मूर्तींचा लहानसा कारखाना आहे, मायलेकी आणि चार बायका मिळून चालवतात. तिनं पदकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टाइम सांगा," ती घड्याळवाल्याला म्हणाली.

"तीन मिनिटं चार सेकंद."

प्राचीचा चेहरा पडला. आई एवढंच म्हणाली, "चल गो. उद्या आठ वाजता रंगाला बस."

प्रकरण काय ते मला शेजारच्यांकडून कळलं. प्राचीला पोलीस भरतीत जायचं होतं. भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं आणि मागच्या खेपेला ती त्यातच मागे पडली होती. पुन्हा तयारी करायची तर अडीच महिने कारखान्यातून सुट्टी हवी, आणि ते नेमके मूर्तींच्या ऑर्डरींचे दिवस. आईनं अट घातली होती की चारचौघांत तीन मिनिटांच्या आत पळून दाखव, मग सुट्टी देते. जमलं नाही तर पळणं बंद. पोरगी शर्यत जिंकली आणि चार सेकंदांनी सगळं हरली. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून मी त्यात पडलो नाही.

संध्याकाळी रोह्याच्या संघाला गाडीत बसवायला पेण स्टेशनवर गेलो. त्यांच्या खेळाच्या शिक्षिका शिर्के मॅडम सरळ स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, "सर, एक गंमत पाहिलीत का? शंभर मीटरला आमच्या मुलींनी नेहमीचा टाइम दिला. आठशेला मात्र सगळ्याच चार-पाच सेकंद मागे. तुमच्याही. ऊन बाधलं असेल."

गाडी गेली. मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. शंभर मीटरची धाव मी मैदानाच्या कडेनं सरळ आखली होती. सरळ होतं तिथे सगळं बरोबर आणि वळण होतं तिथे चूक. ऊन काय फक्त वळणावर पडतं?

म्हणून सोमवारी सकाळी सुतळी घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो. माझी चूक समजायला मोजणीचं शिक्षण लागत नाही. धनुष्य आठवा. मी मोजली ती धनुष्याची दोरी आणि मुली पळाल्या त्या धनुष्याच्या लाकडावरून. खुंटी ते खुंटी सरळ वीस मीटर होते, पण गोलावरून जवळजवळ एकवीस. एका फेरीत साडेपाच मीटरच्या वर जास्त, चार फेऱ्यांत बावीस-तेवीस. एवढ्याला प्राचीला पाच सेकंद लागतात. शेताच्या हद्दी दगड ते दगड सरळ मोजून मोजून माझी ही सवय झाली होती. कोणत्याही शाळेच्या शिपायाकडून ही चूक झाली नसती.

मी तडक बाळाशेठच्या गोदामावर गेलो. ते सतरंज्यांच्या घड्या मोजून घेत होते.

"शेठ, ट्रॅक लांब होता. हरकत आहे."

"कोणाची?"

"माझी."

"तुम्ही पळालात?"

"नाही."

"तुमची मुलगी पळाली?"

"नाही."

"मग तुमचा काय संबंध?"

हेच वाक्य मी नोकरीत शेकडो अर्जांवर लिहिलं होतं. फक्त माझी भाषा सरकारी असायची: 'अर्जदार संबंधित नसल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे.' ऐकायला ते कसं लागतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

"नंबर बदलतात का?" शेठनी विचारलं.

"नाही. सगळ्या सारख्याच जास्त पळाल्या."

"मग सगळ्यांवर सारखाच अन्याय झाला. म्हणजे न्यायच झाला की! साहेब, पुन्हा शर्यत म्हणजे पुन्हा पाहुणे, पुन्हा हार. जाऊ द्या."

पाहुण्यांशिवाय शर्यत होऊ शकते हे त्यांना पटवणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. मी कुंदाताईच्या कारखान्यात गेलो.

मूर्तींच्या रांगा, ओल्या रंगाचा वास. कोपऱ्यात प्राची मान खाली घालून एका मूर्तीच्या पितांबराला पिवळा रंग देत होती. कुंदाताई डोळ्यांची आखणी करत होती. हे काम सगळ्यात नाजूक. हात हलला तर देवाची नजर तिरकी होते. मी दारातच उभा राहून ट्रॅकची सगळी हकिगत सांगितली, धनुष्यासकट. तिनं हातातला डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात बुडवला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे वाकडं असलेलं सरळ मोजलं, की मधलं जातं."

"हो."

"आणि हे तुम्ही सांगताय."

मला कळेना. तिनंच पुढे विचारलं, "साहेब, आमच्या खारीच्या बांधाला तुम्ही किती खुंट्या मारल्या होत्या?"

आणि मग आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वडखळच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला तिच्या सासऱ्यांची खारजमीन होती. शेजाऱ्याच्या आणि यांच्यामधला बांध शेजाऱ्याच्या बाजूला फुगलेला, लांबलचक. मोजणीच्या वेळी एक बाई बांधावर उभी राहून ओरडत होती, 'साहेब, बांधाला पोट हाय, तुम्ही सरळ कापताय!' मी तिला सांगितलं होतं की मोजणी माणूस करत नाही, साखळी करते. आणि नकाशावर शेरा मारला होता, 'हरकत निराधार.'

"आठवत नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. तीन मारल्या होत्या. सव्वाशे मीटरच्या वाकड्या बांधाला तीन खुंट्या. दुपार झाली होती, चिखल होता आणि मला वडखळहून बस धरायची होती. मला त्या कारखान्यात उभं राहायची लाज वाटत होती.

तिनं तो विषय तिथेच सोडला. "पाच सेकंदांचा हिशेब मला कागदावर नको," ती म्हणाली. "पोरगी पुन्हा पळेल. पण मोजताना टेपचं एक टोक माझ्या हातात पाहिजे."

मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही मैदानावर होतो. टूर्नामेंटचा पहिला सामना नऊला होता. क्रिकेटवाल्यांनी त्याआधी पाणी मारणार नाही असा शब्द दिला आणि पाळला. पाहुणे नव्हते, तरी बाळाशेठ आले, कारण सोफे न्यायचे होते. शिर्के मॅडम पहाटेच्या गाडीनं रोह्याहून घड्याळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "पेणच्या घड्याळावर मुलीच्या आईचा विश्वास बसायचा नाही."

मी आणि कुंदाताईनं वळण पुन्हा मोजलं. या वेळी दर मीटरला खूण. ती टेपचं टोक अंगठ्यानं जमिनीवर असं दाबायची की नखं पांढरी पडत. दोनदा तिनं मला थांबवलं, "साहेब, टेप ढिला हाय." दोन्ही वेळा तो खरंच ढिला होता. सुरुवातीची रेघ जवळजवळ तेवीस मीटर पुढे घेतली. बरोबर आठशे.

प्राची एकटीच पळाली. तिसऱ्या फेरीत ती मंदावल्यासारखी वाटली. बाळाशेठ सोफा अर्धा उचललेला तसाच धरून उभे होते. शेवटच्या वळणावर, त्याच खुंट्यांपाशी, तिनं जोर लावला.

शिर्के मॅडमनी घड्याळ आधी कुंदाताईला दाखवलं. दोन मिनिटं अठ्ठावन्न.

पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. आई तिच्यापाशी गेली आणि पदरानं तिचा चेहरा पुसला. "अडीच महिने कारखान्यात पाऊल ठेवायचं नाय. दिसलीस तर बघ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मी वाकून सामान आवरत होतो.

"टेप गुंडाळू नका, साहेब," ती म्हणाली. "आपल्याला बांधावर जायचंय."

गेलो. त्याच दिवशी, चिखलातून. बांधाला पोट होतं. निवृत्त माणसाच्या टेपला सरकारदरबारी किंमत नसते, म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर कचेरीत जाऊन तिचा फेरमोजणीचा अर्ज दिला. 'मूळ मोजणी सदोष होती' असं माझ्या सहीचं निवेदन त्याला जोडलं. माझ्या जुन्या खुर्चीवरच्या तरुण साहेबानं ते दोनदा वाचलं आणि मला बसायला सांगून चहा मागवला. मी चहा घेतला नाही. लोक काय म्हणतात ते मला माहीत होतं.

प्राची भरतीच्या धावेत पास झाली, लेखी परीक्षेचा निकाल यायचा आहे. बांध यंत्रानं पुन्हा मोजला गेला. पावणेदोन गुंठे कुंदाताईच्या बाजूला निघाले. पुढच्या वर्षी स्पर्धा रोह्याला आहेत आणि तिथली आखणी शिर्के मॅडमनी शाळेच्या शिपायाकडे दिली आहे. या सगळ्यातून शिकण्यासारखं म्हणाल तर एवढंच, की वळण आलं की खुंट्या जवळ जवळ माराव्यात. बस चुकली तरी चालते.

आता शेजाऱ्यानं नव्या मोजणीवर हरकत घेतली आहे. सुनावणीत मला त्याच्या विरुद्ध बोलायचं आहे, म्हणून मी त्याच्या अर्जाची नक्कल मागवून वाचली. त्यात पहिलंच कलम असं आहे: 'मूळ मोजणी श्री. ठोसर यांनी केलेली असून त्यांच्या मोजणीवर आमचा पूर्ण विश्वास आहे.'