पेटीतील वस्तू : अज्ञात

"सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची संशयास्पद महिला परिसरात फिरत आहे. वय अंदाजे पंचावन्न ते पासष्ट. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ. अंगावर फुलाफुलांची साडी, डोक्यावर काळी ओढणी. डाव्या पायाने किंचित लंगडते. भाषा मराठी, अस्खलित. घरात पुरुष मंडळी नसताना येते, महिलांचे हात हातात घेते व घरची विचारपूस करते. सोबत पत्र्याची पेटी. पेटीतील वस्तू : अज्ञात. सदर महिला आढळल्यास ग्रामसुरक्षा समितीशी तत्काळ संपर्क साधावा."

वर्णनात खोट काढायला जागा नव्हती. दिलशाद मणियारचं इतकं जुळणारं वर्णन तिच्या आधार कार्डावरही नाही. तिथं तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि फोटो कुणा रागावलेल्या मावशीचा वाटतो. अडचण एवढीच होती की डिंगोऱ्याच्या रस्त्यावरून फाट्यानं आत गेलं की जी उंबरवस्ती लागते, तिथं हे वर्णन वाचून दिलशादला ओळखणार नाही असं एकही माणूस नव्हतं. निम्म्या वस्तीच्या लग्नाचे चुडे तिनं भरले होते. ज्यानं हे वर्णन मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं, त्या सुरजच्या बारशाला त्याच्या आईला, कुशाबाईला, हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. तेव्हा पाळण्यातला सुरज तिच्या ओढणीचं टोक तोंडात घालून चोखत होता. ओढणी तेव्हाही काळीच होती.

पण त्या पावसाळ्यात ओळखीची माणसं नव्यानं अनोळखी ठरवायचं काम जोरात होतं. आभाळात रात्रीचे दिवे फिरताना दिसले. ड्रोन आहेत, चोर घरं हेरतात, असं ठरलं. मग मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. त्यातल्या टेकडीवर नारळाची झाडं होती. जुन्नर तालुक्यात टेकडीवर नारळ येत नाही, पण घाबरलेला माणूस झाडं बघत नाही. उंबरवस्तीत अलीकडच्या वर्षांत काय चोरीला गेलं, हे शोधायला गेलं तर एक पाण्याची मोटर निघते. ती चुलतभावानं नेली होती आणि हे चुलतभावासकट सगळ्यांना ठाऊक होतं. कोंबड्याही गेल्या होत्या, पण त्या बिबट्यानं नेल्या. बिबट्याला कुणी परका म्हटलं नाही.

तरी समिती झाली. अध्यक्ष सुरज झाला, कारण तो पदवीधर होता, निर्व्यसनी होता आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचा. वस्तीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं, खांबावर कॅमेरा चढला, आणि बोर्ड लागला : फेरीवाल्यांस सक्त मनाई.

दिलशादला या सगळ्याचा पत्ता नव्हता, कारण त्या आठवड्यात ती तळेघरच्या वरच्या अंगाला डोंगर चढत होती. आणि ती तिथं का होती, हे सांगायचं तर बांगड्या कशा भरतात ते आधी सांगायला हवं.

बांगडी भरणारी बाई आधी हात दाबून बघते. अंगठ्याखालचं हाड, बोटांची पेरं, कातडी किती ढिली. मग साबण लावून, गप्पा मारत, समोरचीचं लक्ष उडालं की बांगडी सर्रकन वर. गप्पा हा धंद्याचाच भाग आहे. पेटी उघडली की पडवीत फक्त बायका उरतात, पुरुष आपण होऊन गोठ्याकडं जातात. म्हणजे "घरात पुरुष मंडळी नसताना येते" हे समितीचं निरीक्षण खरंच होतं, फक्त उलट्या बाजूनं.

सुरजची बायको हर्षाली ही तळेघरकडची. ओलिताखालची जमीन आणि शिकलेला मुलगा बघून आईनं, साळुबाईनं, इतक्या लांब दिली. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला तिचा हात दिलशादच्या हातात आला तेव्हा सव्वादोन मापाची बांगडी अडखळली नाही. पोरगी हसून म्हणाली, "भाबी, भात लावायचे हात हायेत. तुमची काच काय करतीया त्यांना!"

पुढं मात्र काच टिकेना. दर फेरीला हर्षालीचे हात मोकळे. बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हर्षालीच्या फारच वाढायला लागल्या. एकदा मनगटावर पिवळा पडलेला वळ होता.

"ह्ये कशानं गं?"

"म्हशीनं झटका दिला."

दिलशादनं गोठ्याकडं पाहिलं. म्हैस भाकड, म्हातारी, माशी हलवायलाही आळसणारी.  दुसऱ्याच्या घरचं बोलायचं नाही, या एका नियमावर तिचा धंदा उभा होता. पुढच्या फेरीला सव्वादोनची बांगडी उजव्या हातात जाईना. हात सुजला होता. कुशाबाई चहा टाकायला आत गेली, आणि हर्षाली साबणाच्या पाण्याकडं बघत भरभर बोलली :

"माजा फोन त्यांच्याकडं असतो. आईला सांगा, पंचमीला मूळ धाड, कुणाला तरी न्यायला धाड म्हणावं. आन् एकदा नेलं की परत घालवू नका म्हणावं. न्हाई तर मी जित्ती ऱ्हात न्हाई, भाबी."

कुशाबाई बाहेर आली. चहा झाला. कुशाबाईनं पेटीकडं बघत म्हटलं, "सुनंला जरा जाड काचेच्या द्या ओ. लई नाजूक आणता तुमी." तिला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घ्यायचं नव्हतं, याची हद्द दिलशादला कधीच कळली नाही.

म्हणून ती तळेघरला गेली. एसटी आली तेव्हा आली, आणि पुढं पाऊलवाट. नाचणीच्या लावणीतनं चिखलाच्या पायांनी साळुबाई वर आली. ऐकून घेतलं, मग बांधावरच बसली. रडली नाही. रडणाऱ्या बाईला तरी काहीतरी बोलता येतं. दिलशाद नुसती तिचा चिखलाचा हात दाबत राहिली.

"ज्ञानेश्वरला धाडते," साळुबाई शेवटी म्हणाली. ज्ञानेश्वर हर्षालीचा भाऊ. "पर मागच्या साली पावण्यांनी त्याला दारातनंच वाटंला लावला. म्हणले, काम हाय, मागनं बघू. आता घरी जाया नको. पोरीला सांगा, पंचमीच्या आदल्या दिशी दुपारी, काय बी करून फाट्यावर ये. तो तितं थांबल. मी तिचं लुगडं सुदीक मागणार न्हाई, नुसती पोर आण म्हणलं त्याला."

हा निरोप घेऊन दिलशाद उंबरवस्तीला आली, तर समोर फाटक. फाटकाशी खुर्ची टाकून सुरज.

"भाबी, बसा," तो म्हणाला आणि उठून स्वतःची खुर्ची दिली. "आत मातर सोडता यायचं न्हाई."

"आरं, पंचमी तोंडावर आली. बायका वाट बघत्यात."

"तुमच्यावर संशय न्हाई ओ. पण उद्या भंगारवाला म्हणल, भाबीला सोडलं, मला का न्हाई?"

"तुज्या बारशाला आलीया मी, राव."

"म्हणून तर खुर्ची दिली." सगळे हसले. दिलशादही हसली, सवयीनं.

"मंग कुशाबाईला न् सुनंला हितं बोलाव. हितंच भरते बांगड्या."

सुरज हसायचा थांबला. "सुनंला कशाला?"

"पंचमी हाय म्हणून."

त्यानं फाटकाची कडी बघून घेतली. मग मोबाइल काढून म्हणाला, "एक फोटो काढतो, भाबी. रेकॉर्डला लागतो."

दिलशाद परत फिरली, आणि पुढच्या वळणावरून उसाच्या बांधानं मागून शिरायचा प्रयत्न तिनं केला. लंगडत. समितीच्या पोरांनी तिला बांधावरच गाठलं, आदरानं, पेटी स्वतः उचलून रस्त्यावर आणून सोडलं. पेटी उचलली, पण उघडून कुणी बघितली नाही. तिन्हीसांजेला ग्रुपवर ते वर्णन फोटोसकट आलं, आणि ग्रुपवरून ग्रुपवर होत जुन्नरात तिच्या नवऱ्याच्या, पीरमहंमदच्या, मोबाइलवर आलं. त्यानं चष्मा लावून नीट पाहिलं.

"फोटू झकास आलाय," तो म्हणाला. "निकाहात आसा आला नव्हता." मग तिचा चेहरा बघून त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "नको जाऊ तिकडं. दुसऱ्याची पोर हाय."

"म्हणून तर," दिलशाद म्हणाली.

आत जायचं राहिलं, तेव्हा निरोप तरी जायला हवा होता. फाटकातून रोज आत जाणारं बाहेरचं माणूस एकच : दूधगाडीचा गेणभाऊ. दिलशादनं त्याला रस्त्यात गाठलं.

"हर्षालीला तेवढं सांगा, आईचा निरोप हाय. पंचमीच्या आदल्या दिशी दुपारी फाट्यावर ये. तिला एकटीलाच सांगा, भाऊ. घरच्यांना नको."

"सांगतो की," गेणभाऊ म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता. दुधात पाणी न घालणारा, त्या रस्त्यावरचा बहुधा एकमेव.

पंचमीच्या आदल्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ज्ञानेश्वर येऊन बसला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत बहिणीसाठी छत्री. दिलशाद त्याच्या शेजारी बसली. दोघं वस्तीच्या रस्त्याकडं बघत राहिले. त्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, शाळेतली पोरं आली, एक कुत्रं आलं. मग रिकाम्या कॅनचा खडखडाट करत गेणभाऊची गाडी आली. तो आपण होऊन थांबला.

"भाबी, निरोप दिला बरं का."

"तिला?"

"सुरजला. म्हणलं घरातलाच मानूस. तुमी 'घरच्यांना नको' म्हणला न्हवं, तवाच मला शंका आली. समितीनं सांगूनच ठिवलंय, कुणी चोरून निरोप दिला तर पयलं आमाला कळवा. जमाना लई खराब झालाय, भाबी."

तो तिच्यावर रागावलेला नव्हता. आपण एक काम नीट केलं, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. 

ज्ञानेश्वर उठून वस्तीकडं गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. छत्री पिशवीतच होती.

"फाटकाशीच बसवलं. भाऊजी चांगलं बोलले. म्हणले, तिला ताप हाय, निजलीया. पंचमी झाली की मीच आणून सोडतो. च्या पाजला."

"तू बघितलीस का तिला?"

"न्हाई." छत्री पिशवीत खाली सारत तो म्हणाला, "च्या घरनं आला व्हता. लई ग्वाड व्हता, आमच्याकडं करत्यात तसा. तिनंच केला आसल." आणि मग, स्वतःलाच सांगावं तसं, "म्हंजी उठती-बसती हाय."

तो एसटीनं गेला. दिलशाद गेली नाही. ती जवळच्या एका पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं.

"आजी, त्या तुम्हीच का?"

तिनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. तक्रार मुलीनं किंवा मुलीच्या घरच्यांनी करायला हवी, हे समजावलं. पाणी दिलं. आणि म्हणाला, "काही दिवस त्या बाजूला जाऊ नका. लोक भडकलेत. तुमच्याच सुरक्षेसाठी सांगतोय."

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी हर्षाली सुरजच्या शेततळ्यात सापडली. पाय घसरला, असं समितीच्या अध्यक्षानं सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं. प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, पाय घसरतोच. हे कुणालाही पटण्यासारखं होतं. ती घसरली, तिनं उडी टाकली, की आणखी काही, हे दिलशादला आजही माहीत नाही, आणि जे माहीत होतं ते तिला कुणी विचारलं नाही. कॅमेरा तपासला. त्यात काही नव्हतं, कारण त्याचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडं होतं. गावाला फाटक होतं, शेततळ्याला कुंपण नव्हतं.

साळुबाईला दिलशाद भेटायला गेली, तेव्हा साळुबाईनं एवढंच विचारलं, "माजा निरोप पोचला व्हता का गं तिला?"

दिलशाद आयुष्यात गिऱ्हाइकाशीही खोटं बोलली नव्हती. ती म्हणाली, "पोचला व्हता. येते म्हणली व्हती."

दिवाळीपर्यंत ड्रोन दिसायचे थांबले. फाटकाला गंज चढला, ते उघडंच राहायला लागलं. खुर्ची कुणीतरी घरी नेली. बायकांनी निरोप धाडले, भाबी, येत का न्हाई? दिलशाद गेली. कुशाबाईच्या पडवीत पेटी उघडली गेली. कुशाबाईनं हात पुढं केला आणि मान खाली घालून म्हणाली, "मागचं इसरा, भाबी. दिवसच तसं व्हतं. सुरजला पोरगी बघतोय. डिंभ्याची हाय. चुडा तुमीच भरायचा."

दिलशादनं तिचा हात हातात घेतला. अडीचचं माप, कुशाबाईच्या लग्नापासून दिलशादला पाठ असलेलं. तिनं ते हाड, ती पेरं नीट दाबून बघितली, जणू पहिल्यांदाच बघत होती. मग हात अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिला.

"तुमच्या मापाच्या न्हाईत," ती म्हणाली, आणि पेटी बंद केली.

ग्रुपवरचं वर्णन अजून तसंच आहे. ते काढून टाकायला कुणाला सुचलं नाही. समितीला तालुक्याच्या एका कार्यक्रमात 'सुरक्षित वस्ती' म्हणून सन्मानचिन्ह मिळालं, ते सुरजच्या घरी आहे. त्या वर्षीही उंबरवस्तीत चोरी झाली नाही.

पेटीत बांगड्या असतात. त्यातल्या एक डझन, हिरव्या, सव्वादोन मापाच्या, दिलशाद विकत नाही.