सोडू की अडवू

वरच्या मजल्यावरच्या काकू पडदे शिवायच्या. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, नव्या जोडप्यांच्या घरांचे. त्यांचे यजमान इंग्रजीचे शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. सरांची पुस्तकं आणि काकूंची मशीन एकाच खोलीत होती. मशीन जरा खडखडली की सर पुस्तक आपटत आणि काकू पाय आवरून घेत.

सर निवृत्त झाले त्या संध्याकाळी दहा-बारा शिक्षक जमले होते. मी खालच्या मजल्यावरची, चहाला मदत करायला वर गेले होते. काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या, तोच सरांनी त्यांना थांबवलं.

"थांब. सगळ्यांना सांग, लेट म्हणजे काय?"

"अहो, चहा गार होतोय."

"साधं क्रियापद आहे. एल, ई, टी. तिसरीतली पोरं सांगतात."

काकू घुटमळल्या. "लेट म्हणजे... उशीर."

सगळी खोली खो-खो हसली. "बत्तीस वर्षं इंग्रजीच्या मास्तराच्या घरात!" सर डोळे पुसत म्हणाले. "अगं, लेट म्हणजे होऊ देणे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!" मीही हसले. खोटं कशाला बोलू? काकूंनी प्रत्येकाच्या हातात कप दिला. बशीत एक थेंब सांडू दिला नाही.

दोन वर्षांनी सरांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. उरला फक्त एक शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. एखादाच शब्द जिभेवर राहतो, माणसाला म्हणायचं असतं वेगळंच. सरांच्या जिभेवर 'लेट' राहिला. पाणी हवं, लेट. कूस बदलायची, लेट. संताप आला की लेट, लेट, लेट.

पहिलं वर्ष काकूंनी जिवाचं रान केलं. सर आपल्या भाषेत इंग्रजी क्रियापदांची माहिती लिहीत असत, त्या वह्या त्यांनी कपाटातून काढल्या. या शब्दातून ते काय मागतात ते तिथे तरी कळेल, अशी वेडी आशा. एका दुपारी मला हाक मारली. "बघ गं, मी नीट वाचतेय ना?"

सरांचं अक्षर मोत्यासारखं. लेट ही मुळात दोन क्रियापदं, असं लिहिलं होतं. जुन्या इंग्रजीत दोघांची रूपं वेगळी होती, झिजत झिजत सारखी झाली. एकाचा अर्थ सोडणे, होऊ देणे. दुसऱ्याचा नेमका उलटा, अडवणे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की पंच 'लेट' म्हणतो, तो हा दुसरा. हा 'मंद' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून निघाला, आणि उशीर या अर्थाचा लेटही त्याच शब्दाच्या पोटचा. वर तारीख होती. निवृत्तीच्या तीन वर्षं आधीची.

"म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते," काकू म्हणाल्या.

"नव्हतात, काकू."

"आणि यांना ते ठाऊक होतं."

काकूंनी वही मिटून जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सर 'लेट' म्हणाले की काकू मशीन थांबवून विचारायच्या, "कुठला? सोडू की अडवू?" सरांचा चांगला हात पाण्याच्या पेल्याकडे वळायचा. "हातवारे नकोत. बोलून सांगा. तुम्ही शिक्षक ना?" सर पुन्हा तेच म्हणायचे. "तो तर दोन्हीकडे चालतो हो," असं म्हणून काकू पुन्हा मशीनचं पायडल मारायला लागायच्या. पेला समोरच्या टेबलावर, दिसेल असा, हात पोचणार नाही असा. एका पडद्याची दुमड पुरी झाली की मग उठून पाणी पाजायच्या आणि हनुवटी पुसायच्या. उपाशी कधी ठेवलं नाही. पाठीला जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणायचे, अशी सेवा पाहिली नाही.

"काकू, हे बरं नाही," मी एकदा म्हटलं.

"तू हसली होतीस," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

लेक परगावाहून आली. "आई, बाबा रडतायत! छळतेस तू त्यांना."

"मग ने तुझ्याकडे. आत्ता गाडी बोलाव."

"आमच्याकडे जागा कुठाय?" लेक दोन दिवस राहिली आणि डोळे पुसत गेली. रविवारी फोन करायची. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

चौथ्या वर्षी सरांनी 'लेट' म्हणणंही सोडलं. ओठ मिटलेले. काकू आधी चिडल्या, मग घाबरल्या. "अहो, काही तरी बोला," म्हणत न विचारता पाणी ओठाशी न्यायच्या. सर भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग मी वर जाऊ लागले. माझ्या हातून चमच्याने ते घोट घोट प्यायचे. काकू मशीनवर बसून बघायच्या, पाय जागच्या जागी.

एका सकाळी, दहाच्या सुमाराला, सर गेले. लेकीने आल्या आल्या विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

"माझ्याशी नाही," काकू म्हणाल्या.

आठवड्याने हॉटेलचे बावीस पडदे द्यायचे होते. त्या घड्या घालताना मी कापडाचं दुसरं टोक धरलं. काकूंनी विचारलं, "तुझ्या हातचं कसं गं प्यायचे?"

मी घडीवर घडी घातली आणि पुढचा पडदा उचलला.