मी न पाहिलेला मोर

विंझरच्या वरच्या धनगरवाड्यातल्या बाबांइतका मोर ओळखणारा माणूस वेल्ह्यापासून भोरपर्यंत झाला नाही, आणि मोरांनाही हे ठाऊक असावं. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मी तिथं मास्तर म्हणून गेलो. बाबांची मेंढरं मोरांच्या सोयीनं चरत. करवंदीच्या जाळीखाली लांडोर अंड्यांवर बसली की तो अख्खा उतार महिनाभर बंद. मेंढरं उपाशी, त्यांची बायको संतापलेली, आणि बाबा डोक्यावरून घोंगडी घेऊन दगडासारखे बसलेले. मी विचारलं, "हिचा नवरा कुठंय?" "त्यो? त्येला चार बायका. अंडी कुटं हायत त्ये बी ठावं न्हाई. निस्ता नाचतोय." पिसारा म्हणजे शेपूट नव्हे हेही त्यांनीच शिकवलं, खरी शेपूट आखूड, मातकट, पिसाऱ्याला मागून टेकू दिल्यासारखी. भादव्यात मोराची पिसं गळली की बाबा त्याच्याकडं पाठ करून बसत. "उगडा झालाय. लाजतोय त्यो."

एका सकाळी त्यांनी मलाही घोंगडीखाली घेतलं. मोर पिसारा थरथरवत गोल फिरत होता, लांडोर किडे टिपत होती, तिला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मग ती एकदम खाली बसली आणि कोंबडा-कोंबडीचं होतं तेच झालं. दहा हातांवर, लख्ख उन्हात. "पायलं न्हवं?" बाबा कुजबुजले. मी मान हलवली.

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन होतं. बुवा म्हणाले, मोर ब्रह्मचारी, लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. बाबा उठले. "न्हाई म्हाराज. कोंबड्यावानीच असतंय त्येचं." हशा पिकला. पाटील म्हणाले, "बाबा, मेंढरं राखा. लोकांच्या संसारात कशापायी डोकावताय?" बाबा शांत. "मास्तरास्नी इचारा. त्ये बी व्हते."

सगळं देऊळ माझ्याकडं वळलं.

"मला काही नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

बाबा खाली बसले. पुढं गावात कुणी थाप मारली की लोक म्हणत, हा बाबांचा मोर. ज्यांचा शब्द वाडीत कुणी मोडत नसे, त्यांचं हे झालं. मी तसं का बोललो? लाज वाटली, नोकरीची भीती वाटली, की बुवांचा मान? इतकी वर्षं झाली, उमगत नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, तेव्हा वाटलं भांडणार. त्यांनी तांब्याभर शेळीचं दूध आणि कापसाचा बोळा पुढं केला. "दहा हातांवरलं दिसंना म्हंजी लई झालं, मास्तर. रोज डोळ्यांवर ठिवा. सगळ्यांम्होरं इचारलं, माजंच चुकलं." मी खोटं बोललो हे त्यांच्या मनात आलंच नाही, की आलं होतं आणि तरीही ते दूध घेऊन आले, हे मला अजून कळलेलं नाही.

बदली होईस्तोवर चार वर्षं, ओढ्याच्या वाटेवर भेटले की ते माझा हात धरत. "हितं दगूड हाय, मास्तर." मला दगड स्वच्छ दिसत असे. तरी मी चाचपडत पाय टाकायचो.