मुंढ्याची गोलाई

ऑफिसात त्यांना सगळे रेघोबा म्हणत. कॉम्प्युटरवर व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहून गोदामांचे नकाशे आणि तक्ते काढायचे, छापून साहेबापुढे ठेवायचे, हे त्यांचं कैक वर्षांचं काम. रेघ केसभर सरकली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. घरात मात्र रेघेचा मान बायकोचा. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. बाही जिथे खांद्याला जोडतात, त्या मुंढ्याची गोलाई ती खडूने एका झटक्यात काढायची. पट्टी नाही, साचा नाही. कपडा असा बसायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, हेही स्पष्ट सांगितलं. खडू अजून काही महिने धरता येईल, पुढचं सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी ती टेबलावरच्या कापडावर वाकली. गोलाई करवतीच्या दातांसारखी निघाली. तिने ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मग म्हणाली, "अहो, जरा माझं मनगट धरता का? नुसतं धरायचं. काढीन मी."

धरायचं होतं, झालं. पण रेघोबांच्या अंगात शहाणपण फार. "अगं, असं रोज कोण धरत बसणार? थांब, कायमचाच बंदोबस्त करतो. प्रोग्राम लिहितो. माप टाकलं की गोलाई छापून तुझ्या हातात!"

"बरं," ती म्हणाली आणि खडू डबीत ठेवला.

ऑफिसातून आले की रेघोबा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसत. तिने शिवलेल्या जुन्या सदऱ्यांच्या बाह्या उसवून त्यांनी गोलाईवरचा बिंदू न् बिंदू मोजला. पहिली बाही उलटी निघाली, कारण पडद्यावर आकडे वरून खाली वाढत जातात आणि हे साहेब उत्साहाच्या भरात तेवढंच विसरले. दुसरी पडद्यावर झकास दिसली, पण कागदावर तळहाताएवढी. पडद्याचे ठिपके मोठे, प्रिंटरचे बारीक, म्हणून तेवढ्याच ठिपक्यांची बाही कागदावर आक्रसली.

"बाहुलीला शिवायची का?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि रेघोबांना वाटलं, आपलं बरोबर चाललंय.

पडद्यावर काढलेलं प्रिंटरला दिसत नाही. त्याला पहिल्या रेघेपासून सगळं पुन्हा सांगावं लागतं. रेघोबा न कंटाळता सांगत बसत. मधूनच ती दारात येई. "आज येता का थोडा वेळ? हात जरा बरा आहे."

"हे काय, झालंच," ते मान न वळवता म्हणत. ती थोडं थांबे आणि जाई. असं किती वेळा झालं, ते त्यांनी मोजलं नाही. एरवी माणूस ठिपके मोजणारा.

चार महिन्यांनी गोलाई छापून आली. चार कागद चिकटवून त्यांनी टेबलावर पसरले आणि तिला हाताला धरून आणलं. तिने डाव्या हाताचं बोट रेघेवरून हळूहळू फिरवलं.

"हुबेहूब," ती म्हणाली. "माझीच आहे."

"मग? आता तुझं काम सोपं झालं की नाही?"

"माझं कसलं? आता कुणीही कापेल." आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता.

 रेघोबांनी घाईघाईने डबी उघडली, खडू तिच्या बोटांत दिला आणि तिचं मनगट धरलं. "काढ. तू काढ. धरलंय मी."

बोटं मिटलीच नाहीत. खडू फरशीवर पडून मोडला. त्यांनी त्यातला मोठा तुकडा उचलून पुन्हा दिला. तोही पडला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "गेल्या महिन्यापर्यंत धरता येत होता. मी येत होते ना सांगायला."

रेघोबांना रडू कोसळलं. ती दुसऱ्या हाताने त्यांची पाठ थोपटत राहिली, आणि तिचं मनगट त्यांच्या मुठीत थरथरत राहिलं. ते त्यांनी आता कितीही वेळ धरलं असतं.