शेडखालच्या बंबलबी आणि आमची शेजारीण

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या विमानतळावरून मुलीच्या गावी, नावनला, जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं लागतात. जूनच्या सुरुवातीला ती पांढऱ्या फुलांनी भरली होती. मागच्या अंकात मी इथपर्यंत लिहिलं ते खरं होतं. पुढे ‘मुलीची शेजारीण तुसडी आहे’ असं लिहिलं, ते खोटं. ते आज दुरुस्त करतो.

मुलीच्या, मानसीच्या, घरामागे छोटी बाग आहे. गवत गुडघाभर वाढलेलं. मी कापायला निघालो.

“बाबा, गवताला हात लावू नका. बंबलबींसाठी ठेवलंय,” मानसी म्हणाली.

बंबलबी ही आपल्या भुंग्याच्या नात्यातली. अंगावर दाट लव, काळे-पिवळे पट्टे, मागे पांढरा ठिपका. भुरभुर पावसात मी स्वेटरवर जाकीट चढवून बसायचो, तेव्हाही ती क्लोव्हरच्या (तिपानी गवताच्या) फुलांवर हजर असायची. उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून ती स्वतःचं अंग तापवते, असं मानसीने सांगितलं. मी तासन्‌तास बघत बसलो.

जावयाने, अजितने, बागेत स्वतः लाकडी शेड उभी केली आहे. तिच्या तळाशी मातीत एक भोक होतं आणि बंबलबी त्यातून ये-जा करत होत्या. माझं लहानपण कोकणातलं. तिथे भुंगे वासे पोखरतात. भोक दिसलं की बुजवायचं, ही हाताची सवय. पोखरलेल्या लाकडाचा भुसा इथे कुठेच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी मी खडे आणि ओली माती ठासून भोक बंद केलं.

सकाळी तिथे बंबलबी घिरट्या घालत होत्या. पायांना परागाचे पिवळे गोळे तसेच. काही दमून गवतावर बसल्या होत्या. शेजारच्या नुअलाबाई कुंपणापाशी आल्या.

“बिचाऱ्यांचं घर बंद झालंय. कोणी केलं?”

अजित कामावर गेला होता. मी म्हणालो, “जावयाने केलं असेल.”

त्या संध्याकाळी अजितने त्यांना हाक मारली, तर “ग्रँड” (ठीक आहे) एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्यावरून त्याच रात्री लेख धाडून मी तुम्हाला त्यांचा तुसडेपणा कळवला.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या काचघरात टोमॅटोच्या फुलांना विजेवर चालणारा टूथब्रश लावत होत्या.

“काय करताय?” मी कुंपणावरून विचारलं.

“तुमच्या जावयाने अडवलेलं काम.”

मग त्यांनी समजावलं. टोमॅटोचा पराग फुलात कोंडलेला असतो. बंबलबी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही.

“ब्रश नवऱ्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगू नका.”

मला हसू आलं नाही. मी खुरपं घेऊन शेडपाशी गेलो आणि माती उकरायला लागलो.

“जागा बरोबर माहीत आहे तुम्हाला,” मागून आवाज आला.

“मीच बुजवली होती.”

भोक मोकळं झालं. थोड्या वेळाने एक बंबलबी आली, दोनदा फिरली आणि आत शिरली.

“हे मला सांगून काय होणार?” नुअलाबाई म्हणाल्या. “त्याला सांगा. काल रात्री येऊन माफी मागून गेला तो. कशाची, ते त्यालाही कळलेलं दिसलं नाही.”

जेवताना मी अजितला सगळं सांगितलं. तो पोळी मोडता मोडता थांबला.

“भोक बंद झालंय असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून शेडची फळी सरकली असणार.” मग म्हणाला, “बाबा, इथे एक वेळ बायको रुसली तर चालेल, पण शेजारीण नको.”

“ऐकतेय मी,” मानसी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नुअलाबाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि मला काचघरात नेलं. एक बंबलबी फुलाला लटकली, तिचा आवाज एकदम चढला आणि पिवळी पूड तिच्या पोटावर सांडली. बोटाच्या पेराएवढ्या जिवाने सगळं फूल हलवलं होतं.

निघायच्या दिवशी अजित कुंपणाला टेकून नुअलाबाईंशी पावसाबद्दल बोलत होता. विमानाची वेळ झाल्याची आठवण शेवटी मानसीनेच त्याला करून दिली.

पुण्यात परतून हे लिहितो आहे. त्या घरट्यातल्या सगळ्या परतल्या नाहीत. ज्या परतल्या त्या लगेच कामाला लागल्या. राग धरायला त्यांना सवड नसते. नुअलाबाईंना होती. त्यांनी ती वापरली नाही.