देखणं इकायला

निजामाच्या अमदानीत झरीच्या बाजारात एक बाई भेदरं, म्हणजे टमाटे, विकायला बसायची. आमचे मालक दर बाजाराला तिचीच भेदरं आणायचे आणि जेवताना तिचंच कौतुक करायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी भेदरं घरीच लावायची ठरवून, बियांसाठी फळं निवडायला मी स्वतः गेले.

बाई गोरीपान, नाकात चमकी. मी गुळगुळीत फळ उचललं, तर तिनं ते काढून घेतलं आणि एक वेडंवाकडं माझ्या हातावर ठेवलं.

"देखणं इकायला, अक्का. घरी लावायला हेच घ्या. लय चव हाय."

देखणीनंच हे सांगावं!

तरी मी बी गोवरीवर वाळवलं, परसात लावलं, विहिरीचं पाणी शेंदून घातलं. पहिल्याच कालवणाला मालकांनी ताट पुसून खाल्लं. म्हणाले,

"त्या बाईच्या वाणाला तोड न्हाई!"